शून्य क्रमांकाचा माणूस

मला माझ्या कामाचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायचं कारण उरणार नाही. कंपनीत माझ्या पाठीमागे मला ‘हवालदारीण’ म्हणतात. मला ते आवडायचं. मी लिहिलेली स्क्रिप्ट कुणालाही आत घेण्याआधी दारातच उभं करून विचारते, तू कोण?

स्क्रिप्ट म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नाही. साध्या फाइलीत एकाखाली एक हुकूम लिहिलेले असतात. हे उतरव, ते अमुक ठिकाणी ठेव, जुनं पूस, नवं चालू कर. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जातो आणि निमूट करत जातो. हुकूम कोण देतंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, म्हणून ते आपणच विचारून घ्यायचं असतं. प्रत्येक वापरणाऱ्याला कॉम्प्युटरमध्ये एक क्रमांक असतो, आणि सगळ्या चाव्या ज्याच्याकडे, त्या प्रशासकाचा क्रमांक शून्य. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. म्हणून नवीन काही बसवणाऱ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तपासतात, चालवणारा शून्य आहे का? असेल तर पुढे. नसेल तर एक ओळ लिहायची आणि काम तिथेच बंद. माझी ही तपासणी सात ओळींची होती.

आमची कंपनी मच्छीमार बोटींसाठी ‘सुकाण्या’ बनवते. म्हणजे बोट स्वतः चालवणारं यंत्र. वारा, लाट, खोली, हवामानखात्याचे इशारे सगळं बघून ते बोट नेतं आणि आणतं. किनाऱ्यावरच्या एक हजार तीनशे बारा बोटींवर ते बसलंय. या यंत्राचा शून्य कोण, हा प्रश्न आला तेव्हा मी एका मिनिटात उत्तर दिलं होतं. मी खारव्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या घरातली. आमच्यात बोटीचा मालक तो नाखवा, आणि समुद्रावर बोट चालवतो तो तांडेल. बंदर सुटलं की तांडेलाचा शब्द चालतो, मग नाखवा त्याचा बाप का असेना. तेव्हा शून्य म्हणजे तांडेल.

पण तांडेलाला यंत्राने ओळखायचं कसं? आमच्या लोकांचे अंगठे दोरीने आणि मिठाने इतके झिजलेले असतात की रेशनच्या दुकानातसुद्धा ठसा उमटत नाही. तोंडावर माकडटोपी आणि पाण्याचे शिंतोडे. पासवर्ड तर पूर्ण बंदराला माहीत. मग आमच्यातल्या एका शहाण्याने शोधून काढलं की सुकाणू धरायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. लाटेने बोट तिरकी झाली की माणूस चाक फिरवून ती सरळ करतो. किती वेळाने फिरवतो, किती फिरवतो, जास्त झालं की परत कसा येतो, लाट यायच्या आधीच हात हलतो का. सात मिनिटांत असे शेकडो बारीक झटके होतात, आणि त्यांची एक नक्षी बनते. ती सहीसारखी असते, फक्त नक्कल करता येत नाही. चाकाखालचा सेन्सर ती नक्षी मोजतो आणि नव्वद टक्क्यांच्या वर जुळली की म्हणतो, तांडेल हजर आहे.

तीन वर्षांपूर्वी एका बोटीवर कुणीतरी पेनड्राइव्हमधून सिनेमे बघायचं काहीतरी घुसवलं. सुकाण्या बंद पडला, चौघे घाबरून एकाच चाकावर तुटून पडले आणि बोट खडकावर गेली. त्यानंतर मी सात ओळी लिहिल्या, आणि दुसरा नियमही माझाच. वादळात सुकाण्या चाक कुणालाही देणार नाही, फक्त तांडेलाला. शून्य नसलेल्या माणसाला ओळख पटवायला सात मिनिटं चाक हलवता येईल, तेही थोडंसंच. अशा तीन संधी. मग फेरी संपेपर्यंत कुलूप. मागचं दार ठेवू या, असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं तेव्हा मी उभी राहून सांगितलं होतं, कंपनीला नाही, मला नाही, कुणालाच नाही. टाळ्या पडल्या होत्या.

गेल्या फाल्गुनात आमचे आप्पा गेले. विष्णू पावसे, ‘भैरीप्रसाद’ बोटीचे नाखवा आणि तांडेल दोन्ही. बोट माझा धाकटा भाऊ रूपेश चालवायला लागला. सुकाण्यावर आप्पांच्या जागी त्याचं नाव घालायचं तर आधी बंदरातच, बोट बांधलेली असताना, एक बटण दाबावं लागतं: ‘विष्णू पावसे यांना काढून टाका’. रूपेशने ते आईला वाचून दाखवलं, आणि आई जेवायची थांबली. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांचं नाव कुठून काढायचं नाही, म्हणाली. रेशनकार्डावर आहे, दाराच्या पाटीवर आहे, तिथेपण राहू दे. मी घरातच होते. मी, हवालदारीण, पानावरचा मासा सोलत बसले होते. मी म्हटलं, राहू दे, नुसतं जायचं-यायचं तर शून्य लागत नाही. अजून माझं मलाच ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कार्तिकातला गुरुवार. दोन दिवस खोल समुद्रात घोंघावणारा कमी दाब अचानक किनाऱ्याकडे वळला. सगळ्या बोटींवरच्या सुकाण्यांनी बोटी आपापल्या जवळच्या आसऱ्याकडे वळवल्या. आमच्या बाजूच्या बोटींसाठी आसरा म्हणजे दक्षिणेची खाडी. दुपारी बारा वाजता कंपनीत कुणाच्या तरी लक्षात आलं की पावसाळ्यात त्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा सरकून मधोमध आलाय. आमच्या नकाशात तिथे आठ मीटर पाणी होतं. खरं पाणी दीड मीटर. बोटी भरधाव त्या वाळूवर जाणार होत्या आणि मागून लाटा.

एक वाजता नवा नकाशा तयार झाला. मी गावी घरूनच काम करत होते, लॅपटॉप पडवीत मांडून. स्क्रिप्ट सोडली. ज्याच्या त्याच्या तांडेलाने चाक धरलं, ओळख पटली, नकाशा बसला, आणि आमच्या बाजूच्या बोटी उत्तरेच्या बंदराकडे वळल्या. पडद्यावर एकेक ठिपका हिरवा होत गेला. एक वाजून चाळीस मिनिटांनी तेराशे अकरा हिरवे होते आणि एक लाल.

लाल ठिपका आमचा होता.

‘तांडेल हजर नाही. काम थांबवले आहे.’ ही ओळ मीच लिहिलेली. शब्द निवडायला एक अख्खी दुपार घालवली होती, कारण मला ती सभ्य वाटायला हवी होती.

मी सॅटेलाइट फोनवर रूपेशला गाठलं. मागून वारा एवढा की तो ओरडूनच बोलत होता. बोटीवर तो आणि सात खलाशी.

“ताई, हा ऐकत नाही. मी हाताने वळवायला जातो तर चाक घट्ट धरून ठेवतो.”

“खाडीचं तोंड किती लांब?”

“याच वेगाने पन्नास मिनिटं.”

“इंजिन बंद कर.”

“या लाटेत? आडवे होऊ ना आम्ही.”

खरं होतं ते. मी म्हटलं, ओळखीची संधी घे, तू आप्पांचा मुलगा आहेस, हात थोडाफार तसाच असेल. सात मिनिटं त्याने चाक धरलं. माझ्या पडद्यावर आकडा दिसत होता. एक्केचाळीस टक्के. मग मी त्याला आठवून आठवून सांगत राहिले, आप्पा लाटेकडे बघत नसत, पाय रोवून उभे राहायचे, घाई करायचे नाहीत. दुसऱ्या संधीत अठ्ठावन्न.

एक संधी उरली होती आणि पस्तीस मिनिटं.

मग मी ती गोष्ट केली जी कुणी करू नये म्हणून मला पगार मिळतो. स्क्रिप्टची एक प्रत काढली आणि तिच्यातल्या वरच्या सात ओळी पुसून टाकल्या. उरली ती फाइल कुणाच्याही हाताने, कुठल्याही बोटीवर, कुठलाही नकाशा बसवणार होती. तिच्यावर दोन सह्या लागतात, एक माझी आणि एक माझ्या वरिष्ठांची, किल्लेदार सरांची. मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तू म्हणशील तेव्हा सही करतो,” सर म्हणाले. “पण वृषाली, सही झालेली फाइल परत घेता येत नाही. ती एकदा बाहेर पडली की बाहेरच. आत्ता तेराशे बोटी वादळात आहेत.”

“माहीत आहे मला, सर.”

“म्हणून तर तुझ्यावर सोडतो.”

मला त्यांचा राग आला. ओरडले असते, नाही म्हणाले असते, तर बरं झालं असतं. मी उठले, बसले, परत उठले. पडवीभर फिरत होते. आई अंगणातली सुकट आत आणत होती. ताडपत्रीची घडी घालत होती आणि परत उलगडत होती. तिला मी नुसतं एवढंच सांगितलं होतं की मशीन बिघडलंय, नीट करतेय. पण तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

“त्याला काय पाहिजे आहे गो?” तिने विचारलं.

“आप्पांचा हात पाहिजे, आई. आप्पांनी नोंदवलेला. सात मिनिटं आप्पांसारखं सुकाणू धरणारा माणूस पाहिजे.”

आईने ताडपत्री खाली ठेवली. मग म्हणाली, “तुझं ते पुसायचं थांबव जरा.”

“आई, वेळ नाही.”

“थांबव म्हणते ना. सात मिनिटं धरायचं असतं ना ते? आप्पांना सात मिनिटं चहाचा कप धरवत नव्हता.”

मला आधी कळलंच नाही. ती खाली बसली, सुकटीच्या टोपलीशेजारी, आणि माझ्याकडे न बघता बोलत गेली. आप्पांचा उजवा हात जायच्या आधी पाच वर्षं कापत होता. घरात आम्ही कुणी बघू नये म्हणून ते ताटावर पंचा टाकून जेवायचे. मी पुण्याला, रूपेश कॉलेजात. सुकाण्या बसवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा समुद्रावर गेल्या गेल्या त्याला उलट्या लागल्या आणि तो पुढे जाऊन आडवा पडला. आप्पा चाकाजवळ उभे राहिले, पण चाक बहादूरने धरलं. नाव आप्पांचं लिहिलं गेलं.

“दरवेळी तोच धरायचा, केबिनचं दार लावून,” आई म्हणाली. “आप्पा मागे उभे. तांडेलाचा हात कापतो म्हटल्यावर कोण मानणार होतं त्यांना? मला शपथ घातली होती. त्यालापण.”

बहादूर आमच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी. मी शाळेत होते तेव्हापासून होता. आप्पा गेल्यावर रूपेशने त्याला जाळ्यावरून काढून बोटीवरच्या स्वयंपाकाला लावलं होतं, आणि हा हंगाम संपला की घरी पाठवणार होता. आता यंत्र असताना पन्नाशीच्या खलाशाचं काय काम, असं त्याने मला सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

मी फोन उचलला. “रूपेश, फोन स्पीकरवर आहे का?”

“आहे. सगळे इथेच आहेत.”

“स्पीकर बंद कर.”

“वाऱ्यात ऐकू येत नाही ताई, बोल तशीच.”

म्हणून ते सगळ्यांसमोर बोलावं लागलं. आई आत्ता सांगतेय, आप्पांचा हात कापायचा. तो नोंदवलेला हात त्यांचा नाहीच. बहादूरचा आहे. माझा भाऊ इतकी वर्षं ज्या माणसासारखं व्हायला धडपडत होता, त्याच्याबद्दल त्याला हे असं कळलं, सात माणसांच्या देखत, एका हाताने खांब धरून. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याला ते कळू द्यायचं नव्हतं.

“खरं आहे?” रूपेशने विचारलं. मला नाही, तिथे कुणाला तरी.

“तांडेलांनी शपथ घातली होती शेठ,” बहादूरचा आवाज आला.

“आणि मी दोनदा झक मारली तेव्हा तू तोंड शिवून बसलास?”

“आता काकींनीच सांगितलं, मग मी बोलू शकतो. नाहीतर कसा बोलू?”

बावीस मिनिटं उरली होती. मी रूपेशला ओळखते. तो हट्टी आहे, आणि लहानपणापासून चूक झाली की जागेवर गोठतो. मी एका हाताने किल्लेदार सरांना निरोप टाइप करत होते, ‘सही करा’. खरं तेच सांगते. शब्द पूर्ण लिहिले होते. बोट बटणावर होतं.

“ये,” रूपेश म्हणाला. “धर.”

तिसरी आणि शेवटची संधी सुरू झाली. माझ्या पडद्यावर आकडा हलायला लागला. पासष्ट. बहात्तर. अठ्ठ्याहत्तर. चौथ्या मिनिटाला एक्क्याऐंशीवर आला आणि तिथेच लटकला. आई माझ्या खांद्यामागे उभी होती, तिला आकडे वाचता येतात. एक्क्याऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी.

“काय होतंय?” मी विचारलं.

“सगळे बघतायत माझ्याकडे,” बहादूर म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. “तो पडदा झाका आधी. आकडा दिसतो मला. आणि शेठ, तुम्ही मागे या. इथे, माझ्या मागे. तांडेल इथे उभे राहायचे.”

“काय करू मागे उभा राहून?”

“काही नाही. ते काही करायचे नाहीत. गप्प उभे राहायचे.”

कुणीतरी पडद्यावर स्वयंपाकाचं फडकं टाकलं असावं. रूपेश मागे जाऊन उभा राहिला. पाचव्या मिनिटाला चौऱ्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मला वाटतं त्या वेळी बहादूर लाटेचा विचार करत नव्हता, नुसता बोट चालवत होता. लहानपणी तो नेपाळात कर्नाली नदीवर माणसं पलीकडे नेणारी नाव चालवायचा, हे मला नंतर कळलं, तो समुद्र बघायच्या खूप आधीचं. सातव्या मिनिटाला आकडा त्र्याण्णव झाला आणि माझ्या पडद्यावर ओळ आली.

‘तांडेल हजर आहे.’

स्क्रिप्टने सात ओळी ओलांडल्या आणि पुढचं काम करायला घेतलं. जुना नकाशा पुसला, नवा ठेवला, तपासला, चालू केला. अकरा सेकंद लागले. वाळूच्या दांड्यापासून सव्वा मैलावर लाल ठिपका हिरवा झाला आणि उत्तरेला वळला. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाऊन चुलीपुढे बसली. मी किल्लेदार सरांसाठी लिहिलेला निरोप पुसला, मग बिनओळींची ती फाइल पुसली, आणि ती खरंच पुसली गेली का हे चार वेळा बघितलं.

बोट संध्याकाळी उत्तरेच्या बंदराला लागली आणि वादळ ओसरल्यावर शनिवारी सकाळी आमच्या जेटीवर आली. मी लॅपटॉप घेऊन उभी होते. आई माझ्याबरोबर आली होती, जी आप्पा गेल्यापासून जेटीवर आली नव्हती. रूपेश उतरला. दोन रात्री न झोपलेला, डोळे लाल. बहादूर मागे भांडी घासत होता, रोजच्यासारखा.

“ताई, शून्यावर नाव बदलायचं,” रूपेश म्हणाला.

“तुझं घालू?”

“नाखवा म्हणून माझं राहू दे. तांडेल म्हणून त्याचं घाल. मला शिकवेल तो. कधी जुळलं तर बघू.”

तो हे माझ्याकडे बघत बोलला, पण मोठ्याने बोलला, बोटीवर ऐकू जाईल असं. भांड्यांचा आवाज थांबला. बहादूर हात पुसत आला.

“शेठ, वर्ष होऊ द्या ना,” तो म्हणाला. “तांडेलांचं नाव आत्ता काढू नका.”

मी तोंड उघडलं, पण मला काही सांगावं लागलं नाही. यंत्रानेच सांगितलं. मी गुरुवारच्या सात मिनिटांवरून बहादूरचा हात नव्याने नोंदवायला घेतला तेव्हा पडद्यावर आलं, ‘हा हात आधीच विष्णू पावसे यांच्या नावावर आहे.’ आधी ते नाव काढा, मग हा हात मोकळा होईल. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. माझं बोट बटणापर्यंत गेलं आणि मला दाबवेना. रूपेशने मान फिरवली.

“बाजूला सर गो,” आई म्हणाली. “मीच लपवलं होतं, मीच काढते.”

तिने पदराने हात पुसला आणि बटण दाबलं. आप्पांचं नाव गेलं. तिथे एक रिकामी चौकट उरली आणि चौकटीत माझाच प्रश्न लुकलुकत राहिला, नाव? मी ‘बहादूर’ टाइप केलं आणि थांबले. पुढे काय? मी रूपेशकडे बघितलं. त्याने खलाशांची वही काढली. वहीत एकोणीस वर्षांपूर्वीच्या आप्पांच्या अक्षरात ‘बहादूर, नेपाळ’ एवढंच होतं. मी लिहिलेली स्क्रिप्ट तेराशे बोटींवर हा प्रश्न विचारत होती आणि माझ्या घरात तो कुणी विचारला नव्हता. मला जेटीवरून पाण्यात उडी मारावीशी वाटली.

आईने मला बाजूला केलं. एकोणीस वर्षं तिने त्याला दिवाळीला पंगतीच्या शेवटी वाढलं होतं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तुझं नाव काय रे, बाबा?”

तो एकदम लाजला, पन्नाशीचा माणूस. “जोखन, काकी. जोखन चौधरी.”

मी चौकटीतलं पुसून टाइप करेपर्यंत आईने ते दोनदा म्हणून बघितलं.